सोलापूरच्या नाक्याबाहेर: एका दिवसात, आपल्याच गाडीनं, न पाहिलेलं कसं शोधायचं

पाहुणे आले की सोलापूरकराचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी अक्कलकोट, नाहीतर तुळजापूर. दुसऱ्या दिवशी पंढरपूर. उरलेल्या वेळात सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, आणि निघताना चादर नि शेंगा चटणीची पुडी. त्यात वाईट काहीच नाही. पण पाहुणे नसतात तेव्हा आपण स्वतः कुठं जातो? बहुतेक जण तिथंच, नाहीतर कुठंच नाही.

मी मंगळवेढा रस्त्यानं कामानिमित्त वर्षानुवर्षं ये-जा केली. माचणूरची पाटी शेकडो वेळा पाहिली असेल, पण एकदाही गाडी वळवली नाही. पुण्याच्या एका मित्रानं "तुमच्याकडं नदीकाठी औरंगजेबाची छावणी होती ना, ती जागा दाखव" म्हटल्यावर मला नुसतं हसावं लागलं. त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी गाडी काढून फिरायला लागलो. चुका पुष्कळ केल्या. त्यातून जी पद्धत बसली ती इथं क्रमानं सांगतो.

पहिलं काम: ठिकाण नको, रस्ता निवडा

नवखा माणूस आधी ठिकाणांची यादी करतो आणि मग ती सगळी एका दिवसात कोंबतो. मीही केलं. पहिल्या फेरीत नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिवची लेणी, तेर आणि परत, असा बेत होता. एक संग्रहालय गाठलं तर दाराला कुलूप, कारण वार सोमवार होता आणि ते मी आधी बघितलंच नव्हतं. लेण्यांपाशी पोचेपर्यंत अंधार पडला. दिवसभर बघितला तो फक्त डांबरी रस्ता.

त्यापेक्षा सोपं असं. सोलापुरातून बाहेर पडणारे मोठे रस्ते मोजा: पुणे, बार्शी, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, होटगी, विजापूर, मंगळवेढा. झाले आठ. एका रविवारी एकच रस्ता धरायचा. त्या रस्त्यावर ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आत आणि डाव्या-उजव्या अंगाला दहा-बारा किलोमीटरच्या टप्प्यात जे असेल तेवढंच आपलं. जाताना एक मोठं ठिकाण, येताना एक लहान, आणि मध्ये पोटाची सोय. यापेक्षा जास्त घेतलं की बघणं संपतं, हजेरी सुरू होते.

वेळेचा हिशेबही रस्त्यावरूनच करावा. चौपदरी महामार्गावर तासाला साठ-सत्तर किलोमीटर सहज पडतात. फाट्यावरून आत वळलात की तीस धरा, पावसाळ्यात वीस. फोनमधला नकाशा गावरस्त्याला जो वेळ दाखवतो त्याच्या दीडपट मी धरतो. वाटेत एखादं मेंढरांचं खांड आडवं येतं, एखादं लग्नाचं वऱ्हाड येतं, आणि त्याला आपला इलाज नसतो.

दुसरं: शनिवारी रात्री घरी बसून करायचा शोध

निम्मं शोधणं जेवणानंतर सोफ्यावर बसून होतं. त्यासाठी तीन साधनं पुरतात.

पहिलं, जुनं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतला सोलापूरचा खंड १८८४ साली निघाला, आणि तो आता राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. इंग्रजीत आहे, पण शेवटी ठिकाणांचं प्रकरण आहे आणि ते अक्षरक्रमानं लावलेलं आहे. आपण निवडलेल्या रस्त्यावरच्या गावांची नावं त्यात काढून बघायची. देऊळ, तलाव, कबर, बाजाराचा वार, असं काहीतरी हाती लागतंच. एक खुणगाठ बांधा: नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, परांडा हा भाग तेव्हा निजामाच्या मुलखात होता. तो या खंडात शोधत बसू नका.

दुसरं, नकाशातलं उपग्रहाचं चित्र. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या कडेनं बोट फिरवत जा. नदी जिथं झोकात वळते, दोन नद्या जिथं मिळतात, तिथं जुनं देऊळ असण्याची शक्यता मोठी. नदीकाठच्या झाडीत चौकोनी आवार दिसलं, किंवा शेतात मधोमध चौकोनी खड्डा आणि आत उतरत्या रेषा दिसल्या, तर खूण करून ठेवा. पहिली गढी असू शकते, दुसरी बारव. कधीकधी कोंबड्यांची शेड किंवा शेततळंही निघतं. तेही सोसायचं.

तिसरं साधन म्हणजे गावांची नावं, आणि मला यातच सगळ्यात मजा येते. सोलापूर ही कानडीची सीमा. 'कुडल' म्हणजे कानडीत संगम. तेव्हा हत्तरसंग कुडल हे नाव वाचलं की तिथं नद्या मिळतात हे गावात न जाताच कळलं, आणि तिथं खरोखरच भीमा नि सीना मिळतात. ब्रह्मपुरी, बेगमपूर, मैलारपूर ही नावंही अशीच पोटात काहीतरी घेऊन बसलेली आहेत. मैलार म्हणजे खंडोबा, हे ठाऊक असलं की मैलारपुरात कुणाचं देऊळ असेल ते सांगावं लागत नाही.

तिसरं: वार, तिथी आणि हवा बघा

आपल्याकडं निघण्याचा दिवस पंचांग बघून ठरवावा लागतो, आणि हे मी श्रद्धेनं नाही, ट्रॅफिकच्या अनुभवानं सांगतोय. आषाढी-कार्तिकीच्या आगेमागे पंढरपूरकडं जाणारा कुठलाही रस्ता विसरा. गुरुवारी अक्कलकोट रस्ता भरलेला. नवरात्रात आणि विशेषतः कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भक्तांचा असतो, तिथं गाडी घालू नये. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेला नदीकाठच्या देवळांत गर्दी असते. ज्याला शांतपणे शिल्पं बघायची आहेत त्यानं ते दिवस टाळावेत, ज्याला माणसं बघायची आहेत त्यानं मुद्दाम साधावेत.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. ज्वारी उभी असते, डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो, उन्हाचा त्रास नाही. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा काळ्या दगडाच्या देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते तळपायाला कळेल. उन्हाळ्यात जायचंच तर पहाटे साडेपाचला निघून अकराच्या आत परत.

पावसाळा देखणा, पण दोन गोष्टी आधी बघायच्या. एक, उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलंय का. सोडलं असेल तर घाट, नदीपात्रातली देवळं आणि संगम पाण्याखाली जातात. सोलापुरात पाऊस नसला तरी पुण्याकडं पडला की इथं नदी फुगते. दोन, सीनेची स्थिती. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला त्यात लांबोटीजवळ चक्क पुणे महामार्ग बंद ठेवायला लागला होता. आणि आपली काळी माती! पावसात डांबर सोडून चाक खाली घातलं की गाडी रुतलीच. पाच मिनिटांसाठी शेताच्या बांधावर गाडी लावली आणि ट्रॅक्टरवाल्याला दोर बांधायला बोलवावं लागलं, असं माझ्याबाबतीत दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी तोच ट्रॅक्टरवाला आला. "मालक, परत का ओ?" एवढंच म्हणाला.

चौथं: गाडी आणि डिकी

फार काही लागत नाही. स्टेपनीत हवा आहे का ते बघा, कारण गावरस्त्यावर बाभळीच्या काट्यानं पंक्चर होणं हे इथलं नित्याचं. जॅक आणि पाना गाडीत आहे आणि तो तुम्हाला वापरता येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घरी तपासून बघा. टाकी शहरातच भरून घ्या. टोलनाके पुणे रस्त्याला सावळेश्वर, तुळजापूर रस्त्याला तामलवाडी, हैदराबाद रस्त्याला फुलवाडी, अक्कलकोट रस्त्याला वळसंग असे लागतात, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

डिकीत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, सतरंजी आणि एक बॅटरी. मोबाइलचा दिवा नव्हे, हातात धरायची बॅटरी, त्याचं कारण पुढं सांगतो. दहा-वीसच्या नोटा ठेवा. चहाच्या टपरीला आता मोबाइलनं पैसे चालतात, पण नदीकाठी रेंज असेलच असं नाही. त्याच कारणानं नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या. बायका आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर स्वच्छतागृह महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर उरकून मगच आत वळायचं. आत गेल्यावर सोय मिळेल हा भरवसा धरू नका.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: गावात विचारायचं कसं

नकाशा फाट्यापर्यंत नेतो, त्याच्या पुढं माणूस नेतो. पण प्रश्न बरोबर पाहिजे. "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर हमखास उत्तर मिळेल, "काय नाय ओ इथं." गावकऱ्याच्या दृष्टीनं ते खरंच असतं. "जुनं मंदिर आहे का?" असं विचारलंत तर नुकताच रंगवलेला सिमेंटचा कळस दाखवतील, कारण देव जुना असतो, देऊळ पाडून नवं बांधलेलं असतं.

म्हणून वस्तूचं नाव घेऊन विचारायचं. "दगडी देऊळ आहे का?" "लढाईची चित्रं कोरलेले दगड कुठं ठेवलेत?" "पायऱ्यांची विहीर आहे का?" "अक्षरं कोरलेला दगड कुणी बघितलाय का?" असं विचारलं की पारावरचा एखादा आजोबा मान वर करतो. "हां, ते होय! ते मारुतीच्या मागं टाकलंय बगा." मारुतीच्या मागं, पिंपळाच्या पारावर, जुन्या वेशीपाशी आणि शाळेच्या आवारात, या चार जागा न विचारताही बघाव्यात. गावातले मोडके-तुटके जुने दगड बहुधा तिथंच जमा केलेले असतात.

विचारायचं कुणाला हेही आहे. मोबाइलमध्ये मान घातलेल्या पोराला नको. पारावरचे म्हातारे, गुरव, पोस्टमन, शाळेचे गुरुजी आणि म्हशी चारणारा, हा माझा क्रम. वयानं मोठ्या माणसाला 'अप्पा' किंवा 'मालक', बाईला 'मावशी' किंवा 'अक्का' म्हणा. गाडीची काच खाली करून नुसता हात हलवू नका. खाली उतरा, नमस्कार करा, "आम्ही सोलापूरचंच, देऊळ बघायला आलोय" हे आधी सांगा. चारचाकीतून अनोळखी माणसं उतरून जमिनीकडं, विहिरीकडं बघायला लागली की गावाला पहिली शंका भूसंपादनाची, दुसरी गुप्तधनाची येते. या दोन्ही शंका उतरूनच फिटतात.

दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत घराघरांत कानडी बोलली जाते. मराठी सगळ्यांना कळते, पण 'गुडी' म्हणजे देऊळ आणि 'हळे' म्हणजे जुनं, हे दोन शब्द तुमच्या तोंडून ऐकले की समोरच्याचा चेहरा बदलतो. चहा तर मिळतोच.

सहावं: समोरचा दगड ओळखायचा कसा

दगड ओळखता आला नाही तर शोधूनही सापडणार नाही. थोडी तोंडओळख करून घ्या.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा स्मारकदगड. साधारण तीन-चार चौकटी एकावर एक असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. तळाला वीर पडलेला किंवा लढताना, कधी शेजारी गाई. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. गाई कोरलेल्या असतील तर तो माणूस गावची जनावरं सोडवताना मेला, असं समजायचं. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. गद्धेगाळीवर गाढवाचं चित्र आणि वर दानाचा मजकूर असतो. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. ते चित्र मुलांना समजावून सांगताना आईबापांची जी धांदल उडते ती बघण्यासारखी.

काळ्या दगडाचं कुठलंही देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. आपल्या भागातली कितीतरी देवळं त्याच्या आधीची, चालुक्यांच्या काळातली आहेत. गुरव हेमाडपंती म्हणाला तर मान डोलवा, वाद घालू नका, पण मनात शतक जरा मागं घ्या.

आणि आता बॅटरीचं. कोरलेली अक्षरं समोरून उजेड पाडला की पुसट होतात. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा. उजेड तिरपा पडला की प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि जिथं काहीच नव्हतं तिथं ओळ उभी राहते. उन्हातही हेच: सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, भरदुपारी शिल्पं सपाट दिसतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काही लावायचं नाही. तेल प्यायलेला लेख पुढच्या माणसाला वाचता येत नाही.

करून बघा: विजापूर रस्ता, हत्तरसंग कुडल

ज्याला एकच ठिकाण बघायचंय त्यानं इथं जावं. शहरातून चाळीसेक किलोमीटर. विजापूर रस्त्यानं निघालात की वडकबाळला सीना ओलांडायची, मंद्रूप मागं टाकायचं आणि मग पाटी बघत आत वळायचं. सकाळी सातला निघालात तर साडेआठच्या सुमाराला संगमावर.

दोन देवळं आहेत, आणि बहुतेक लोक एक बघून परततात. नदीच्या बाजूचं संगमेश्वराचं. त्याच्या सभामंडपात वर तुळईकडं बघा, इथं बॅटरी काढा. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे, आणि त्याच्या शेवटी मराठी वाक्य येतं: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचील तो विजयी होईल. तारखेसह सापडलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत याची गणना होते. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाशी जुनेपणाचा वाद चालतो तो चालू दे. हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठी कुणीतरी मराठीत 'वाचा' म्हणून ठेवलंय, हे मान वर करून स्वतः वाचण्यातली गंमत वादानं कमी होत नाही. या भागातले शिलालेख हुडकून वाचण्यात सोलापूरच्या आनंद कुंभारांनी आयुष्य घातलं. त्यांच्यासारख्यांमुळे हा दगड आपल्याला कळतो.

दुसरं हरिहरेश्वराचं. हे मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं आणि १९९९ च्या सुमाराला उकरून बाहेर काढलं. समोरचा गोल, वर आभाळाकडं उघडा मंडप बघा. त्याला स्वर्गमंडप म्हणतात. इथंच ते बहुमुखी शिवलिंग आहे. एकाच दगडात ३५९ चेहरे कोरलेले, आणि मूळ लिंग धरून ३६०. पहिल्यांदा बघताना माणूस नुसता भोवती फिरतो. दुसऱ्या फेरीत एकेका ओळीकडं बघा, म्हणजे चेहरे एकसारखे नाहीत हे लक्षात येईल.

मग संगमाच्या काठावर सतरंजी टाका. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. पाण्यात उतरू नका. वाळू उपशामुळे तळाला खोल खड्डे आहेत आणि वरून पाणी शांत दिसतं. जेवण घरून नेलेलं बरं: कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा. कडक भाकरीचा शोध प्रवासासाठीच लागला असणार असं माझं ठाम मत आहे.

दुसरा रविवार: मंगळवेढा रस्ता

तिऱ्हे, कामती, बेगमपूर आणि भीमेचा पूल ओलांडला की माचणूर. इथंही साधारण चाळीस किलोमीटर. सिद्धेश्वराचं देऊळ, त्याला लागून नदीत उतरणारा मोठा घाट, आणि पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ. पाणी कमी असेल तरच तिथवर जायचं. शेजारी किल्ल्याची तटबंदी आहे. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाची छावणी इथल्या ब्रह्मपुरीला होती, आणि त्यानं गावाचं नाव इस्लामपुरी केलं होतं. म्हणजे तेवढा काळ काबूलपासून दक्षिणेपर्यंतच्या साम्राज्याचा कारभार या माळावरून चालला. आज तिथं ऊस आहे. लोक गोष्ट सांगतात की बादशहानं देवाला मांसाचं ताट पाठवलं आणि झाकण काढलं तर आत फुलं. गावाचं नावही त्याच मांसावरून आलं म्हणतात. नावाची ही फोड खरी असो-नसो, गोष्ट घाटावर बसून ऐकावी अशीच.

पुढं पंधराएक किलोमीटरवर मंगळवेढा. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांना लुटवलं ते हे गाव, आणि गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले तेही हेच. कान्होपात्राही इथलीच. तीन संतांचं गाव, पण आपण ते पंढरपूरला जाताना खिडकीतून बघतो. येताना ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. गावातल्या आडत दुकानात 'मालदांडी' म्हणून मागा, आणि दाणा तळहातावर घेऊन बघा: टपोरा, मोत्यासारखा, वर चमक.

बाकीच्या रस्त्यांबद्दल थोडक्यात

हैदराबाद रस्त्याला नळदुर्ग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबण लावत नाही. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात केलेला पाणीमहाल, इ. स. १६१३ चा, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. नर-मादी धबधबे बघायचे तर चांगला पाऊस होऊन बांधावरून पाणी पडायला लागल्यावरच जा, नाहीतर नुसती भिंत दिसेल. सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. माझं म्हणणं, नळदुर्गला गेलात तर मैलारपूरचा खंडोबा आणि जवळचं अणदूर सोडू नका. इथं देव वर्षातले सव्वा दहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात असतो. देव हलवताना दोन्ही गावांत रीतसर करार होतो. आधी चौकशी करून जा, नाहीतर एका गावात नुसतं देऊळ भेटेल.

बार्शी रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज, माळढोक पक्षी अभयारण्य, १९७९ सालचं. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, तो आता जवळपास उरलेलाच नाही. पण काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा, आणि पावसानंतरचं गवत तर असतंच. सूर्य उगवायच्या वेळी पोचा, वनखात्याच्या चौकीवर परवानगी घ्या, गाडी रस्त्यावरच ठेवा. गवतात चाक घातलं की जमिनीवरची अंडी चिरडतात. याच रस्त्यानं पुढं बार्शीचं भगवंताचं देऊळ, आणि तिथून परांडा. परांड्याचा किल्ला बघताना एवढं लक्षात ठेवा की विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १६३२ पर्यंत इथं होती.

तुळजापूर रस्त्याला शहर सोडताच हिप्परग्याचा एकरुख तलाव, १८७१ सालचा. हिवाळ्यात सकाळी पक्षी बघायला दोन तास पुरतात, लांब जायचं नसेल तर तेवढंच करा. याच दिशेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर तेर. प्राचीन तगर तेच, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात त्याचं नाव येतं. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून अर्धगोल आहे, चैत्यासारखं. गोरोबा काकांचं गाव. इथल्या संग्रहालयात रोमशी व्यापाराच्या खुणा आहेत. निघण्याआधी ते उघडं आहे का याची चौकशी करा, आणि सोमवारी तर निघूच नका. माझी गोष्ट वर सांगितलीच आहे.

पुणे रस्त्याला लांबोटीचा चिवडा, एवढं कारण मला पुरतं.

परतताना

अंधाराच्या आत महामार्ग धरा. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागं एकही दिवा नसताना रस्त्यानं चाललेले असतात, आणि बाहेर आलेले उसाचे शेंडे समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत. संध्याकाळी सहा ते नऊ हा काळ इथं सगळ्यात धोक्याचा. उशीर झालाच तर साठच्या वर वेग नेऊ नका, आणि ट्रॉलीच्या मागं चिकटू नका.

घरी आल्यावर, झोपण्याआधी, दहा मिनिटं वहीत लिहा: फाट्याचं नाव, आत किती किलोमीटर, रस्ता कसा, किल्ली कुणाकडं असते, गुरव किती वाजता येतो, कुठल्या झाडाखाली गाडी लागते. माझ्या वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे: 'मारुतीमागं तीन दगड, एक उलटा पडलेला. अप्पा म्हणाले, खालच्या बाजूला घोडा आहे. चार माणसं लागतील.' पुढच्या रविवारी आम्ही चौघं निघतोय.